सत्तेची जागा : युरोपीय चित्रकलेतील राजकीय आदर्श आणि त्यांची रचना

कला आणि राजकीय विचार यांच्या नात्याचा प्रश्न मराठी समीक्षेत जेव्हा जेव्हा उपस्थित झाला, तेव्हा तो बहुधा 'आशय' या संज्ञेच्या आश्रयाने चर्चिला गेला. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांच्या आधारे सौंदर्याची मीमांसा करताना घटकांच्या परस्परसंबंधांवर भर दिला आणि विषयाला गौण स्थान दिले. पुढे बांधिलकीचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकांनी याच्या उलट टोक पकडले आणि कलावंत कोणत्या विषयाला हात घालतो, कोणाची बाजू घेतो, यावर सारा भार टाकला. हे दोन पक्ष परस्परांचे कितीही विरोधक असले तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. राजकीय विचार हा कलाकृतीच्या विषयात वसतो आणि रचना ही त्याहून वेगळी, स्वायत्त अशी गोष्ट आहे, असे दोघेही मानून चालतात. एकाने म्हणून विषय दूर सारला, दुसऱ्याने म्हणून रचनेकडे काणाडोळा केला.

प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी साहित्याच्या सीमेबाहेर जाऊन, युरोपीय चित्रकलेतील काही निवडक कृतींच्या आधारे करावयाची आहे. चित्रकलेकडे वळण्यास कारण आहे. लेखक 'राजा' आणि 'प्रजा' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून मोकळा होऊ शकतो. चित्रकाराला मात्र राजा किती उंच, प्रजा त्याच्यापासून किती अंतरावर, प्रकाश कोणाच्या मुखावर आणि चित्र पाहणारा नेमका कोठे उभा, हे ठरविल्यावाचून कुंचला उचलता येत नाही. हे निर्णय रचनेचे आहेत आणि त्याच वेळी ते राजकीयही आहेत. सत्ता कोणाच्या देहात वसते, या प्रश्नाला युरोपने गेल्या सातशे वर्षांत जी वेगवेगळी उत्तरे दिली, ती चित्राच्या चौकटीत कोणाला कोठे जागा मिळाली यावरून वाचता येतात, असे मला म्हणावयाचे आहे.

आरंभ इटलीतील सिएना या नगरराज्यापासून करणे उचित ठरेल. १२८७ ते १३५५ या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. हे नऊ जण प्रामुख्याने व्यापारी आणि सावकारी वर्गातून येत; दर दोन महिन्यांनी मंडळ बदले; आणि आपल्या मुदतीत सभासदांना नगरभवनातच वास्तव्य करावे लागे. ज्या दालनात ते बसत, त्याच्या तीन भिंतींवर आम्ब्रोज्यो लोरेंझेत्ती या सिएनाच्याच चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि कुशासन यांची भित्तिचित्रे रंगविली. चौथ्या भिंतीला खिडकी आहे. देवालये आणि संतचरित्रे यांतच चित्रकला प्रायः गुंतलेली होती अशा काळात एवढ्या विस्ताराने ऐहिक शासनाचा विषय भिंतीवर यावा, ही विरळा घटना होती.

उत्तरेकडील भिंतीवर सुशासनाचे रूपक आहे. उजव्या बाजूस सिंहासनावर एक वृद्ध, भव्य पुरुष बसला आहे. तो कोणी राजा नव्हे. त्याची वस्त्रे काळ्या-पांढऱ्या रंगांची, म्हणजे सिएनाच्या नगरचिन्हाच्या रंगांची आहेत आणि त्याच्या पायाशी जुळ्या बालकांना दूध पाजणारी लांडगी आहे. खुद्द नगरच येथे देह धारण करून बसले आहे. त्याच्या दोन्ही अंगांस शांती, धैर्य, विवेक, औदार्य, संयम आणि न्याय या स्त्रीरूप गुणदेवता आहेत. डाव्या टोकाला न्यायदेवता पुन्हा एकदा, स्वतंत्र आसनावर दिसते. तिच्या तराजूच्या दोन पारड्यांपासून दोन दोऱ्या खाली येतात. खाली बसलेली एकमत नावाची देवता त्या एकत्र करून पुढील नागरिकाच्या हाती देते. आणि चोवीस नागरिकांच्या हातांतून सरकत सरकत ती दोरी अखेर सिंहासनावरील वृद्धाच्या हाती पोहोचते. लॅटिनमधील एकमत आणि दोरी या अर्थांच्या शब्दांच्या ध्वनिसाम्यावर ही कल्पना खेळविलेली आहे. आपल्याकडील श्लेष जाणणाऱ्या वाचकाला ती परकी वाटू नये.

यातील एक तपशील विशेष लक्ष देण्याजोगा आहे. एकमत या देवतेच्या मांडीवर सुताराचा मोठा रंधा आहे. कुशासनाच्या भिंतीवर जी 'फूट' नावाची आकृती आहे, तिच्या हातात करवत आहे आणि तिच्या वस्त्रावर 'होय' आणि 'नाही' असे दोन विरोधी शब्द लिहिलेले आहेत. रंधा उंचवटे काढून फळी सपाट करतो. करवत एकाच फळीचे दोन तुकडे करते. नगरराज्याची सारी राजनीती चित्रकाराने सुतारशाळेतील या दोन हत्यारांत सांगितली आहे. चोवीस नागरिक वस्त्रांनी, वयांनी, मुद्रांनी वेगळे आहेत, तरी आकाराने जवळजवळ सारखे. त्यांच्याहून कितीतरी मोठे आहे ते फक्त नगर. व्यक्ती नगराहून मोठी होता कामा नये, हा या राज्यव्यवस्थेचा मूळ सिद्धांत येथे आकृत्यांच्या प्रमाणातच बांधून टाकलेला आहे. तो सांगण्यासाठी वेगळ्या घोषणेची आवश्यकता उरत नाही.

पूर्वेकडील लांबलचक भिंतीवर सुशासनाचे परिणाम आहेत. परांचीवर चढून गवंडी भिंत रचत आहेत, जोड्यांचे दुकान मांडलेले आहे, गुरुजी शिकवीत आहेत, ओझी लादलेली जनावरे वेशीतून येत आहेत, चौकात फेर धरून नृत्य चालले आहे. वेशीबाहेर शेते, मळणी, घोड्यावरून शिकारीस निघालेले श्रीमंत. या सर्व दृश्यात शासन कोठेच दिसत नाही; दिसते ते केवळ वेशीवर तरंगणारी सुरक्षा नावाची देवता. तिच्या एका हातात सर्वांस निर्भय संचाराचे आश्वासन देणारा लेख आहे आणि दुसऱ्या हातात वधस्तंभ, त्यावर लोंबकळणाऱ्या देहासह. या चित्राचे गुणगान करणाऱ्या अनेक लेखनांत हा वधस्तंभ घाईने ओलांडला जातो. तसे करणे मला योग्य वाटत नाही. नऊ जणांच्या मंडळात जुन्या सरदार घराण्यांना प्रवेश नव्हता आणि कष्टकऱ्यांनाही नव्हता. एकमताच्या दोरीस हात लावण्याचा अधिकार मोजक्यांचाच होता. चित्रकाराने आपल्या आश्रयदात्यांना हवे ते दिले, पण ते देताना शांततेची किंमत झाकून ठेवली नाही.

या रूपकामागे ॲरिस्टॉटलचा, थॉमस ॲक्विनसने पुढे आणलेला विचार आहे, असे निकोलाय रुबिन्स्टाइन यांनी १९५८ मध्ये मांडले. क्वेंटिन स्किनर यांनी १९८६ मध्ये त्याला आक्षेप घेऊन सिसेरो, सेनेका आदी रोमन लेखकांच्या परंपरेकडे बोट दाखविले. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. दोन्ही अभ्यासक चित्रातील दोरी, रंधा आणि आकृत्यांचे स्थान यांच्यावरूनच आपले सिद्धांत उभे करतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. ज्या नगराने ही भिंत रंगविली, त्यावर १३४८ मध्ये प्लेगची साथ कोसळली. लोरेंझेत्तीही बहुधा तीतच गेला. १३५५ मध्ये नऊ जणांचे शासन उलथविले गेले. भिंती राहिल्या, कुशासनाची मात्र पुष्कळ झिजली आहे.

पुढील तीन शतकांत युरोपातील बहुतेक नगरराज्ये एकेका घराण्याच्या हाती गेली आणि मोठी राजेशाही राज्ये प्रबळ झाली. या काळातील दरबारी चित्रकला विपुल आहे; आपल्या सूत्रासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. यासँत रीगो याने १७०१ मध्ये चौदाव्या लुईचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र रंगविले. स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठविण्यासाठी ते करविले होते, परंतु राजाला ते इतके आवडले की ते फ्रान्समध्येच राहिले. साठी उलटलेल्या राजाचा चेहरा खरा, ओघळलेला आहे. पाय मात्र तरण्या नर्तकाचे आहेत. राजदंड त्याने काठीसारखा उलटा टेकविला आहे. सिएनाच्या भिंतीवर नगर माणसाच्या रूपात बसले होते. येथे एका माणसाने राज्य अंगरख्यासारखे पांघरले आहे. चित्रात दुसरा मनुष्य नाही. प्रजेची जागा चौकटीबाहेर आहे, जेथे पाहणारा मान वर करून उभा असतो.

या दोन टोकांच्या मधोमध एक विलक्षण मुद्राचित्र आहे. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन दोन वर्षे लोटल्यावर, १६५१ मध्ये, टॉमस हॉब्ज याचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठासाठी आब्राम बोस याने कोरलेल्या चित्रात डोंगरांमागून एक राक्षसी आकाराचा मुकुटधारी राजा उगवतो. त्याचे धड आणि बाहू शेकडो लहान लहान माणसांनी बनलेले आहेत. सारी माणसे आपल्याकडे पाठ करून राजाच्या मुखाकडे पाहत आहेत. राजा त्यांच्यावाचून अस्तित्वातच नाही आणि तरी ती सर्व त्याच्या अधीन आहेत. करारातून उद्भवणाऱ्या निरंकुश सत्तेचा हा सिद्धांत शेकडो पृष्ठांत मांडणाऱ्या ग्रंथकर्त्याला त्याचे एकाच दृष्टिक्षेपात आकलन घडविणारी प्रतिमा हवीशी वाटली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

राजाचा देह प्रत्यक्ष इतिहासात कापला गेला तेव्हा चित्रकलेपुढे मोठी अडचण उभी राहिली. आता मध्यभागी कोणाला बसवावयाचे? झाक-लुई दावीद याचे सारे चित्रकर्तृत्व म्हणजे या प्रश्नाशी केलेली झुंज आहे, आणि ती एकाच आयुष्यात, अवघ्या पंचवीस वर्षांत घडल्यामुळे तिच्यापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे.

'होरेशियसबंधूंची शपथ' हे चित्र दावीदने १७८४ मध्ये रोममध्ये रंगविले आणि १७८५ च्या पॅरिसमधील सालाँ प्रदर्शनात ते मांडले गेले. वडिलांनी उंचावलेल्या तीन तलवारींकडे तीन पुत्र हात पसरून मरणाची शपथ घेत आहेत. उजवीकडे स्त्रिया शोकाने कोसळल्या आहेत. मागे तीन साध्या कमानी. यथादर्शनाच्या रेषा वडिलांच्या त्या मुठीकडे धावतात, जिच्यात तलवारी आहेत. येथे राजा नाही, नगरही नाही. मध्यभागी आहे ती एक प्रतिज्ञा. या चित्राला क्रांतीची नांदी म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते राजाच्याच कलाखात्याने करविलेले होते. सद्गुणांचा आदर्श प्रजेपुढे ठेवावा, असे त्या खात्याचे धोरण होते. १७८४ मधील दावीद प्रजासत्ताकवादी होता असे समजण्यास आधार नाही. मग क्रांतिकारकांना हे चित्र आपले का वाटले? माझ्या मते त्याचे उत्तर विषयात सापडत नाही, रचनेत सापडते. समान उंचीचे, समान आवेशाचे, खांद्याला खांदा लावलेले तीन देह एका दिशेने झेपावतात. त्यांच्यात थोरला कोण, धाकटा कोण, हे विचारण्यास वावच राहत नाही. बंधुत्वाचा आदर्श भाषेत येण्यापूर्वी तो या तीन हातांच्या समांतर रेषांत आलेला होता.

१७८९ च्या सालाँमध्ये, बास्तीलच्या पाडावानंतर काही आठवड्यांनी, दावीदचे 'ब्रूटस' प्रदर्शित झाले. प्रजासत्ताकाविरुद्ध कट करणाऱ्या आपल्याच पुत्रांना देहदंड देणारा रोमन शासक येथे डाव्या कोपऱ्यात, अंधारात बसला आहे. त्याच्या मागून पुत्रांची प्रेते आत आणली जात आहेत. प्रकाश पडतो तो आक्रोश करणाऱ्या आईवर आणि मुलींवर. चित्राच्या मध्यभागी आहे एक रिकामी खुर्ची आणि मेजावर शिवणकामाची टोपली. कर्तव्याचा गौरव करावयास निघालेल्या चित्राच्या गाभ्यात ही घरगुती टोपली कशासाठी? दावीदने आपल्या काळाहून अधिक काही पाहिले असावे, असे मला या टोपलीपाशी नेहमी वाटते.

क्रांतीच्या काळातील त्याचा सर्वांत मोठा संकल्प अपुरा राहिला. २० जून १७८९ रोजी व्हर्सायच्या चेंडूच्या खेळाच्या दालनात प्रतिनिधींनी संविधान झाल्यावाचून न पांगण्याची शपथ घेतली होती. तिचे रेखाचित्र दावीदने १७९१ मध्ये प्रदर्शित केले. बाईयी हा अध्यक्ष मेजावर उभा राहून शपथ वाचतो आहे, शेकडो हात त्याच्या दिशेने उंचावले आहेत, वाऱ्याने पडदे फुगले आहेत. एका वडिलांसमोरचे तीन पुत्र आता सबंध राष्ट्र झाले होते. या रेखाचित्रावरून प्रचंड आकाराचे तैलचित्र करावयाचे होते. परंतु मिराबो मरण पावल्यावर त्याचे राजाशी असलेले गुप्त संबंध उघडकीस आले. बाईयी आणि बार्नाव्ह यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर जावे लागले. १७९४ मध्ये रोबेस्पिएर त्याच मार्गाने गेला. चित्रातील नायक एकामागून एक देशद्रोही ठरत गेले. व्हर्सायमध्ये जो कॅनव्हास उरला आहे, त्यावर नग्न देहांच्या रेखाकृती आहेत आणि त्यांतील मोजक्याच धडांवर रंगविलेली मस्तके आहेत. मस्तक कोणाचे रंगवावे हेच ठरेना, अशा काळाचे याहून खरे चित्र पूर्ण झालेल्या कॅनव्हासातही क्वचितच मिळेल.

दावीद स्वतः नॅशनल कन्व्हेन्शनचा सभासद होता आणि जानेवारी १७९३ मध्ये त्याने राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी शार्लोत कोर्दे हिने पत्रकार आणि क्रांतिनेता मारा याचा स्नानाच्या टबात वध केला. दावीदने रंगविलेले 'मारा' हे चित्र काही महिन्यांतच कन्व्हेन्शनच्या सभागृहात लागले. मारा त्वचारोगाने पीडित होता. चित्रातील देह निष्कलंक आहे. हातात पत्र, दुसऱ्या हातात लेखणी, शेजारी खोक्याची साधी फळी, जी समाधीच्या शिळेसारखी दिसते आणि जिच्यावर चित्रकाराने आपले समर्पण लिहिले आहे. वरचा अर्धा भाग संपूर्ण रिकामा. मृत ख्रिस्ताच्या चित्रांतील लोंबणारा हात येथे जसाच्या तसा उतरला आहे. राजाला मारून रिकाम्या झालेल्या मध्यभागी प्रजासत्ताकाने अखेर एक प्रेत ठेवले, असे म्हणावे लागते. १७९५ मध्ये चित्र सभागृहातून उतरवून दावीदला परत देण्यात आले. पुढच्या दशकात तोच दावीद नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे सुमारे सहा मीटर उंच आणि दहा मीटर रुंद चित्र रंगवू लागला, आणि समारंभास प्रत्यक्षात गैरहजर असलेली सम्राटाची आई त्यात प्रेक्षकांच्या कक्षात विराजमान झाली. १८१६ पासून दावीद ब्रुसेल्समध्ये निर्वासिताचे जिणे जगला. त्याला संधिसाधू म्हणणे सोपे आहे. मला मात्र त्याच्या चित्रांच्या मध्यभागांची मालिका त्याच्या चारित्र्याच्या चर्चेपेक्षा अधिक बोलकी वाटते : तलवारी, रिकामी खुर्ची, मस्तकहीन धडे, प्रेत आणि शेवटी पुन्हा मुकुट.

फ्रेंच क्रांतीचे आदर्श नेपोलियनच्या सैन्याबरोबर स्पेनमध्ये पोहोचले तेव्हा त्यांचे जे रूप झाले, ते गोयाने पाहिले. '३ मे १८०८' हे चित्र त्याने १८१४ मध्ये रंगविले. उजवीकडे बंदुका रोखलेल्या सैनिकांची रांग. त्यांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. पावले एका लयीत रोवलेली, हात समांतर. होरेशियसबंधूंची ती समांतर रेषाच येथे गोळीबार करणारी तुकडी झाली आहे, असे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यास वाटल्यावाचून राहत नाही. जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी कंदिलाचा उजेड पांढऱ्या सदऱ्यातील एका अनाम माणसावर पडला आहे. त्याने दोन्ही हात फैलावले आहेत. तो वीर नाही, त्याच्या ओठी कोणतीही शपथ नाही. प्रबोधनयुगाने ज्या प्रकाशाचा एवढा महिमा गायिला, तो येथे नेम धरण्याच्या कामी येतो. युद्धावरील गोयाची अम्लरेखन मुद्राचित्रे तर त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाहीत. १८२८ मध्ये तो वारल्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ मध्ये, ती लोकांपुढे आली.

दलाक्र्वाचे 'जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' हे चित्र सर्वपरिचित आहे. जुलै १८३० च्या उठावावरील हे चित्र १८३१ मध्ये प्रदर्शित झाले. रूपकातील देवता येथे प्रेतांवरून आणि मोडतोडीच्या ढिगावरून थेट पाहणाऱ्याच्या अंगावर चालून येते. समकालीन टीकाकारांना ती फार मळकी, फार देहधारी वाटली. नव्या राजाच्या सरकारने चित्र विकत घेतले आणि थोड्याच काळात नजरेआड केले. विकत घेऊन झाकण्याची ही पद्धत सत्तेला पुढेही उपयोगी पडलेली दिसते. लूव्र संग्रहालयात ते १८७४ मध्ये आले. २०२४ मध्ये जुन्या पिवळ्या वार्निशाचे थर काढल्यावर त्यातील निळा, पांढरा आणि लाल पुन्हा उजळले आहेत.

याहून सखोल बदल मला कूर्बेच्या 'ऑर्नां येथील दफनविधी' या चित्रात दिसतो. १८४८ च्या क्रांतीने फ्रान्समधील सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत कूर्बेने आपल्या लहानशा गावातील एका दफनाचे चित्र सुमारे सव्वातीन मीटर उंच आणि साडेसहा मीटर रुंद कॅनव्हासावर रंगविले. एवढा आकार तोवर राजे, लढाया आणि पुराणे यांच्यासाठी राखीव होता. चाळीसहून अधिक माणसे पूर्णाकृती उभी आहेत : पाद्री, महापौर, कबर खणणारा, म्हाताऱ्या बायका, एक कुत्रा. गावातील खरी माणसेच त्याने पुढे उभी करून रंगविली. कोण मेले ते कळत नाही. मस्तकांची एक आडवी ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि तिच्यात शिखर नाही. मागच्या कड्याची रेषादेखील त्यांना दाबून सपाट करते. समीक्षकांनी चित्र कुरूप ठरविले, रचनाच नाही अशी तक्रार केली. ती तक्रार एका अर्थी अचूक होती. जेथे प्रत्येकास एकच मत, तेथे चित्राला मध्य असण्याचे कारण उरले नव्हते. राजकारणाचा एकही उघड संकेत या चित्रात नाही, आणि तरी त्या पिढीचे ते सर्वांत राजकीय चित्र आहे. रचना म्हणजे विचार, हे विधान पटवून द्यावयाचे असल्यास मी याच चित्राकडे बोट दाखवीन. कूर्बे पुढे १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये सामील झाला, व्हाँदोम चौकातील नेपोलियनचा स्तंभ पाडल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला आणि स्तंभाच्या पुनरुभारणीचा खर्च त्याच्यावर लादण्यात आल्याने स्वित्झर्लंडमध्ये निघून गेला. तेथेच १८७७ मध्ये त्याचे निधन झाले.

विसाव्या शतकातील आदर्शांची टक्कर एका उन्हाळ्यात, एका मैदानावर पाहता येते. १९३७ च्या पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नाझी जर्मनीचे आणि सोव्हिएत संघाचे मंडप समोरासमोर होते. एकाच्या शिखरावर गरुड, दुसऱ्याच्या शिखरावर विळा आणि हातोडा उंचावून पुढे झेपावणारी, वेरा मुखिना हिने घडविलेली स्त्री-पुरुषांची सुमारे चोवीस मीटर उंच पोलादी जोडी. विचारसरणींत वैर होते, पण उंची, झेप आणि सपाट दगडी भिंती यांत दोन्ही मंडप एकमेकांचे भाऊ शोभत. त्याच जुलैमध्ये म्युनिकला नाझींनी एकीकडे मान्यताप्राप्त जर्मन कलेचे आणि दुसऱ्याच दिवशी 'अधःपतित' कलेचे अशी दोन प्रदर्शने उघडली. जवळच उभ्या असलेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या छोट्या मंडपात पिकासोचे 'गेर्निका' होते.

गेर्निका या बास्क गावावर २६ एप्रिल १९३७ रोजी बाँबवर्षाव झाला; मंडपासाठी चित्र काढण्याचे काम पिकासोकडे त्यापूर्वीच, जानेवारीत, आलेले होते. मे महिन्यात आरंभ करून जूनच्या सुरुवातीस त्याने ते पूर्ण केले. काम चालू असताना डोरा मार हिने घेतलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि आपल्या प्रश्नासाठी ती मोलाची आहेत. प्रारंभीच्या अवस्थेत चित्राच्या मध्यभागी, जमिनीवर पडलेल्या योद्ध्याचा हात मूठ वळून उभा उंचावलेला होता. ती मूठ म्हणजे डाव्या आघाडीचे त्या काळचे अभिवादन. पुढच्या अवस्थेत त्या मुठीत धान्याची ओंबी आली, मागे सूर्याचे तेजोवलय आले. त्यानंतर पिकासोने तो हात पुसून टाकला. योद्धा कोसळला, सूर्याच्या जागी विजेचा दिवा आला, आणि मध्यभाग व्यापला तो किंचाळणाऱ्या घोड्याने. दावीदपासून चालत आलेला उंचावलेला हात युरोपीय चित्रातून अशा रीतीने खाली आला. प्रजासत्ताकाच्या काही समर्थकांना हे चित्र पुरेसे स्पष्ट वाटले नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. शत्रू चित्रात नाही, ध्वज नाही, विमान नाही. छत आहे की आकाश, घर आहे की रस्ता, हे सांगता येत नाही. पाहणारा चौकटीबाहेर सुरक्षित राहत नाही. एवढा एक हात पुसल्यामुळे चित्राचा राजकीय आशय उणावला की वाढला, याचा विचार बांधिलकीच्या पुरस्कर्त्यांनी आणि विरोधकांनीही करावा.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, हे चित्र न्यूयॉर्कहून स्पेनमध्ये गेले. त्याची विणलेली प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लावलेली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरील युद्धाची बाजू तेथे मांडली जात असताना ती निळ्या पडद्याने झाकण्यात आली. सिएनाचे नऊ जण ज्या भिंतींसमोर बसत त्या त्यांनी स्वतःच रंगवून घेतल्या होत्या, आणि कुशासनाची भिंतही त्यांनी झाकली नव्हती.

शेवटचे उदाहरण चित्राचे नाही. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात १९८६ मध्ये योखेन गेर्त्झ आणि एस्तेर शालेव-गेर्त्झ या दांपत्याने फॅसिझमविरुद्ध एक स्मारक उभारले. बारा मीटर उंचीचा, शिशाने मढविलेला चौकोनी स्तंभ. त्यावर ना आकृती, ना देवता. शेजारी लोखंडी लेखण्या ठेवल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपली नावे शिशावर कोरावीत, असे आवाहन होते. हाताच्या टप्प्यातील भाग भरला की स्तंभ तेवढा जमिनीत उतरविला जाई. लोकांनी नावे कोरली, तशी शिवीगाळही कोरली आणि स्वस्तिकेही. कलावंतांनी ती खोडली नाहीत. १९९३ मध्ये स्तंभ पूर्णपणे जमिनीखाली गेला. आज तेथे त्याचा माथा फरसबंदीच्या पातळीत दिसतो, आणि त्या मोकळ्या जागेवर पाहणाऱ्यालाच उभे राहावे लागते.